संकेतांक बदलताना घ्यावयाची दक्षता

वाचनचाचणीनंतर मुलांची पातळी तक्त्यात अंकांनी मांडण्याची रीत आता रूढ झाली आहे. प्रारंभिक पातळीस १, अक्षरे ओळखणाऱ्यास २, शब्द वाचणाऱ्यास ३, परिच्छेद वाचणाऱ्यास ४ आणि गोष्ट वाचणाऱ्यास ५ असे संकेतांक देतात. गैरहजर मुलापुढे पुष्कळदा ९ लिहितात. हा ९ म्हणजे संख्या नव्हे, केवळ खूण होय. शिक्षकांस हे ठाऊक असते. संगणकास ते सांगावे लागते.

समजा, वर्गात २० मुले असून चाचणीस १८ हजर होती. त्यांच्या अंकांची बेरीज ५४, म्हणजे सरासरी ३. उरलेल्या दोघांचे ९ तसेच राहिले तर बेरीज ७२ होते व सरासरी ३.६ निघते. दोन मुले शाळेत आली नाहीत म्हणून वर्ग पुढे गेला, असा हा चमत्कार! ज्या वर्गास साहाय्य हवे, तोच अशाने साहाय्याच्या यादीतून गळावयाचा. ९ काढून तेथे ० लिहिणे हाही उपाय नव्हे. मग सरासरी २.७ होते आणि वर्ग विनाकारण मागे पडतो. ती नोंद ‘माहिती नाही’ अशीच करावयास हवी.

दुसरी अडचण उलट्या क्रमाची. एखाद्या शाळेने गोष्ट वाचणाऱ्यास १ व प्रारंभिक पातळीस ५ दिले असतील, तर दोन्ही तक्ते एकत्र करण्यापूर्वी अंक फिरवावे लागतात. साध्या तक्त्यात ‘शोधा व बदला’ या सोयीने आधी १ चे ५ केले व मग ५ चे १ केले, तर दोन्ही गट १ मध्ये मिसळून जातात. गोष्ट वाचणारा कोण व अक्षरही न ओळखणारा कोण, हे मग कोणासही सांगता येत नाही.

१९६८ साली प्रथम तयार झालेल्या एसपीएसएस या सांख्यिकी आज्ञावलीत ‘रीकोड’ ही आज्ञा आहे. तिच्यात सर्व बदल एकदम सांगता येतात आणि प्रत्येक मूल्य एकदाच बदलते, त्यामुळे वरील घोटाळा होत नाही. मात्र नव्या स्तंभात उत्तर घेताना ‘३ चे ३’ हेही सांगावे लागते. न सांगितल्यास ती जागा रिकामी राहते. मधलाच अंक विसरणे फार सोपे असते. जुना स्तंभ पुसू नये. दोन्ही स्तंभांचा जोडतक्ता काढून, जितके जुने १ तितकेच नवे ५ आले की नाहीत, हे हजेरीपटाशी ताडून पाहावे.