गर्डर आणि स्लॅब यांना एक करणारे कनेक्टर

पोलादी गर्डरवर काँक्रीटचा स्लॅब नुसता टेकवला, तर भार येताच दोघे आपापले वाकतात आणि सांध्यात सरकतात. ही सरक रोखतात ते शिअर कनेक्टर. स्लॅब वर उचलला जाऊ नये, हेही त्यांनीच पाहायचे.

सर्वांत रुळलेला प्रकार डोके असलेल्या स्टडचा. 19 किंवा 22 मिमी व्यास नेहमीचा. वेल्डिंग गनने तो जवळपास सेकंदात बसतो आणि गोल असल्याने कुठल्याही दिशेचा भार सारखाच पेलतो. त्याचा खरा गुण मात्र तुटण्याआधी वाकण्याचा. त्यामुळे जास्त ताण आलेला स्टड शेजाऱ्यांकडे भार सोपवू शकतो. युरोकोड 4 या युरोपीय मानकात कनेक्टर असा लवचीक ठरण्यासाठी किमान 6 मिमी सरक सोसण्याची अट आहे.

गनला जबर विद्युतप्रवाह लागतो. तो नसेल तिथे कनेक्टर म्हणून पोलादी चॅनेलचे तुकडे साध्या वेल्डिंगने लावणे सोयीचे.

भोके पाडलेली उभी पट्टी, म्हणजे परफोबाँड, 1980च्या दशकात जर्मन अभियंते फ्रिट्झ लिओनहार्ट आणि सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातील कारोनी नदीवरच्या तिसऱ्या पुलासाठी विकसित केली. भोकांत शिरलेले काँक्रीट खुंटीसारखे काम करते. रोजच्या वाहतुकीने स्टडच्या मुळाशी येणारा थकवा इथे बराच टळतो, म्हणून पुलांसाठी ती उजवी. इमारतींत स्टडच पुरेसा.

निवड कोणतीही असो, वेल्ड तपासाच. हातोड्याने वाकवलेल्या स्टडच्या मुळाशी चीर दिसली, तर तो नापास.