लोकनायक बापूजी अणे

गोदाकाठच्या सायखेड्यात वऱ्हाडातल्या पुढाऱ्याची गोष्ट कशाला, असं कुणी विचारील. कारण असं, की १ मे १९६० रोजी आपलं मराठी लोकांचं राज्य झालं. त्या वेळी ‘आम्हांला आमचं वेगळं राज्य हवं’ म्हणणारीही मराठीच माणसं होती. त्यांतलं मोठं नाव माधव श्रीहरी अणे यांचं. त्यांना शत्रू ठरवणं सोपं आहे; पण त्यांचं म्हणणं काय होतं, ते तरी पाहू या.

अणे १८८० साली यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी येथे जन्मले. यवतमाळला वकिली केली. टिळकांचे निस्सीम अनुयायी, संस्कृतचे जाडे विद्वान आणि वृत्तीने सनातनी. टिळकांमागून काँग्रेस गांधीजींच्या वाटेने गेली, तेव्हा कौन्सिलांवर बहिष्कार घालणं त्यांना पटलं नाही. केळकर, जयकर यांच्याबरोबर त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पक्ष धरला. म्हणजे काय? सरकार जे देईल ते पदरात पाडून घ्या, आणि उरलेल्यासाठी तिथंच बसून भांडा. शेतकरी निम्मं पाणी मिळालं म्हणून पाट बुजवतो का? तसंच हे.

पण असा माणूस तुरुंगाला भिणारा असतो, हा समज मात्र खोटा. १९३० साली आपल्या कळवणला जंगल सत्याग्रह झाला. त्याच वर्षी जुलैत पुसदजवळ अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून अटक करून घेतली. १९३३ मध्ये ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी मात्र जातीय निवाड्यावर काँग्रेस ‘हो’ही म्हणेना आणि ‘नाही’ही म्हणेना, म्हणून मालवीयांसह त्यांनी वेगळा काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला.

त्यांच्या आयुष्यातला अवघड भाग १९४१ नंतरचा. त्या वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. वर्षभरातच ‘चले जाव’ची चळवळ पेटली, गांधीजी पकडले गेले, आणि अणे सरकारात होते! ऑगस्टमध्ये चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला उठाव झाला. त्यानंतर फौज-पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी दिल्लीत अण्यांच्याच दारी उपोषणाला बसले. आपल्याच मुलखातली माणसं दाद मागत असताना खुर्चीवर बसून राहणं किती जड गेलं असेल! माझ्या मते प्रतियोगी सहकारितेची खरी परीक्षा इथं झाली, आणि ती तोकडी पडली. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण आरंभलं, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. उशिरा का होईना, दिले.

पुढे ते सिलोनला हिंदुस्थानचे प्रतिनिधी झाले, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल. एवढं झाल्यावर माणूस घरी बसतो. हे मात्र विदर्भासाठी पुन्हा उभे राहिले. विदर्भाचा कारभार वेगळ्या प्रांतात वाढलेला, राजधानी नागपूर. मुंबईकडे सत्ता गेली तर आपण कोपऱ्यात पडू, ही भीती. ती नुसती लहर नव्हती: १९५५ मध्ये फाजलअली आयोगानेही वेगळ्या विदर्भाचीच शिफारस केली होती. भाषा एक म्हणून राज्य एक, हे सूत्र अण्यांना मान्य नव्हतं. १९६२ साली नागपूरकरांनी त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेवर पाठवलं. तेव्हा वय बघा, ऐंशीच्या पुढे!

स्पेनमध्ये कॅटलोनियाचे फ्रान्सेस्क काम्बो याच वळणाचे. जुन्या विचारांचे, आपल्या प्रांताचे कैवारी, तरी माद्रिदच्या मंत्रिमंडळातही बसलेले. प्रांतासाठी भांडणारा देशाशी बेइमान असतो, असं म्हणणाऱ्यांना तिथंही उत्तर द्यावं लागे. फरक एवढाच, की यादवी युद्धात काम्बोंनी फ्रँकोची बाजू घेतली आणि १९४७ साली परदेशात, ब्यूनस आयर्सला, देह ठेवला.

बापूजी २६ जानेवारी १९६८ रोजी वारले. त्यांनी टिळकांवर रचलेलं ‘श्रीतिलकयशोर्णव’ हे संस्कृत महाकाव्य. त्याला १९७३ साली साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. विदर्भाचा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. त्यांचे नातू श्रीहरी अणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. वेगळ्या विदर्भापाठोपाठ वेगळ्या मराठवाड्याचीही बाजू मांडल्यावरून उठलेल्या वादात त्यांनी मार्च २०१६ मध्ये ते पद सोडलं.