तळं राखते ती, चाखतो कोण?

'तळे राखी तो पाणी चाखी' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवलेली आहे. अर्थ सोपा. ज्याच्या हाती कारभार, त्याच्या पदरात चार थेंब जास्त. पण मैत्रिणींनो, या म्हणीतला 'तो' मला अलीकडे खुपायला लागलाय. तळं राखणारी 'ती' असली, तर पाणी कोण चाखतं?

विषय निघाला तो साता समुद्रापलीकडच्या एका तळ्यावरून. माझी पुतणी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या बाहेर राहते. शंभरेक घरांची वसाहत आणि मधोमध तळं. हे तळं सरकारचं नाही, नगरपालिकेचं नाही, तर त्या घरवाल्यांचंच. आपण सोसायटीला मेंटेनन्स भरतो तशी ते वर्गणी भरतात आणि त्यातून तळ्याची देखभाल होते. बाहेरच्याने येऊन गळ टाकायचा नाही. आमचे जावईबापू रविवारी पहाटे उठून काठावर जातात, रबराचा गांडूळ गळाला लावतात आणि 'बास' नावाचा मासा धरतात. धरतात, फोटो काढतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात!

तो फोटो मी आमच्या बजाजनगरच्या बचत गटात दाखवला. हसून हसून पुरेवाट झाली. एक म्हणाली, "सोडायचाच होता, तर धरला कशाला?" दुसरी भोई समाजातली, माहेर-सासर दोन्हीकडे मासेमारी. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तिकडं सुटी असली की मासे धरतात. आमच्यात मासे धरतात म्हणून सुटीच नसते."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. मग पुतणीला फोनवर विचारून आणि थोडं वाचून मी त्या बासची कुंडली काढली. मोठ्या तोंडाचा हा बास मूळ उत्तर अमेरिकेचा. उथळ पाण्यात तळाशी घरटं करतो तो नर. मादी अंडी घालून निघून जाते आणि अंड्यांची, पिल्लांची राखण बाप करतो! गटातल्या बायकांना हे फारच आवडलं. "असा मासा आपल्याकडं पण सोडा गं," असं म्हणून झालं.

गंमत बाजूला ठेवू. मला खरं नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आज जो हौसेचा खेळ दिसतो, त्याच्या मुळाशी शेतकऱ्याचं स्वयंपाकघर आहे. अलाबामा राज्यातल्या ऑबर्नला होमर स्विंगल नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३० आणि ४० च्या दशकांत शेतातल्या लहान तळ्यांवर प्रयोग केले. शेतकऱ्याच्या घरी खायला मासे मिळावेत, हा त्यातला एक हेतू. तळ्यात एकटा बास ठेवून चालत नाही, त्याला खायला 'ब्लूगिल' नावाचे छोटे मासे लागतात. साधारण हिशेब असा, की एकरी हजार ब्लूगिल सोडले तर बास सोडायचे शंभर. पुढे बासच्या स्पर्धा सुरू झाल्या आणि १९७२ पासून रे स्कॉट यांनी 'धरलेला मासा मारू नका, सोडा' अशी मोहीम चालवली. ती चाल मग हौशी मंडळींत रुळली. पण लहान तळ्यात धरलेला प्रत्येक मासा सोडत गेलं, तर बासची गर्दी होते, खाणं पुरत नाही आणि मासे रोडावतात. म्हणून जाणकार सांगतात, की दरवर्षी काही लहान बास काढून खा.

बघा, म्हणजे तळं हे डब्यातल्या डाळ-तांदळासारखं आहे. किती भरलं, किती काढलं, किती तोंडं खाणारी, याचा हिशेब ठेवणारं कुणी तरी लागतं. हा हिशेब आपल्याला कुणी शिकवावा लागतो का?

आणि परका मासा कुठेही सोडून चालत नाही, हेही लक्षात ठेवायचं. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात हौसेने बास आणून सोडला. तो देशभर पसरला, तिथले मूळचे मासे खाऊ लागला. शेवटी २००५ पासून जपानला कायद्याने त्याची जिवंत ने-आण आणि पाळणं बंद करावं लागलं. आपल्याकडे बासचं नाव नसलं तरी चिलापी आहेच की! १९५२ मध्ये भारतात आणलेला हा आफ्रिकेचा मासा उजनीत इतका माजला, की चिलापी म्हटलं की लोक उजनीचंच नाव घेतात. चिलापीची मादी तर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. अशी लेकुरवाळी तळ्यात शिरली, की बाकीच्यांना जागा उरणार कशी?

आता आपल्या दारातल्या तळ्याकडे येऊ. वाळूजच्या कारखान्यांना पाणी येतं ते पैठणच्या जायकवाडी धरणातून. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. सत्तावीस दरवाजांच्या या धरणाच्या जलाशयाला संत एकनाथांचं नाव दिलं, नाथसागर. आमच्या सासूबाई माळकरी, घरात मासा शिजत नाही. तरी दरवाजे उघडल्याची बातमी आली की पहिल्यांदा त्याच विचारतात, "बाई, मासेवाल्यांचं कसं झालं असेल?"

मासेवाल्यांचं कसं चालतं, हे आपल्यातल्या फार जणींना ठाऊक नसतं. बाजारात दिसणारे कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून वाढवंश करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. म्हणून पूर्वी नदीतून त्यांची पिल्लं गोळा करावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन तळ्यातल्या माशांना अंडी घालायला लावलं आणि पुढे मत्स्यबीज केंद्रं उभी राहिली. म्हणून १० जुलै हा 'राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन'. आज तलावांमध्ये बोटाएवढी पिल्लं विकत आणून सोडतात. त्यांना किती गोड नाव आहे, बोटुकली! म्हणजे आधी पैसे घालायचे, महिनोन् महिने राखण करायची आणि मग जाळं टाकायचं.

या कामात बाई कुठे असते? पहाटे काठावर मासे निवडायला ती. डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायला ती. वाटे लावायचे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, उरलेला माल खारवून वाळवायचा, रात्री फाटलेलं जाळं सांधायचं, सगळं ती. पण तलावाचा ठेका घेतात मच्छीमार सहकारी संस्था. त्यांच्या सभासदांच्या यादीत बहुतेक ठिकाणी नाव असतं त्याचं.

माझ्या ओळखीतल्या एकीची गोष्ट सांगते. नाव नको, गावही नको. नवरा एका तलावावरच्या संस्थेचा सभासद. पावसाळ्यात वादळात सापडला आणि गेला. पदरात दोन लेकरं. संस्थेत चौकशीला गेली, तर वारस म्हणून फॉर्मवर नाव दिराचं. फॉर्म लग्नाआधी भरलेला, नंतर बदलायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सभासद करून घ्या म्हणाली, तर उत्तर मिळालं, "बाई काय पाण्यात उतरणार आहे का?" ती म्हणाली, "मासा पाण्याबाहेर आल्यावरच त्याचे पैसे होतात ना? ते आजवर कोण करत आलं?"

दीड वर्ष हेलपाटे झाले. अर्ज लिहायला मी बसत असे, पण प्रश्न सुटला तो अर्जाने नाही. तिच्या सासूने धाकट्या लेकाला समोर बसवलं आणि म्हणाली, "चाळीस वर्षं पाटी मी वाहिली. माझं नाव कुठं हाय? हिचं तरी लागू दे." दिराने हक्क सोडल्याचं लिहून दिलं. आज ती सभासद आहे, मीटिंगला जाते आणि बोटुकली किती आली ते स्वतः मोजून घेते.

असं एकट्या-दुकट्या बाईनेच करावं असंही नाही. विदर्भातल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या भागांत सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधायला सुरुवात केली. पुढे ते गावच्या मालगुजारांच्या मालकीचे झाले. म्हणजे खासगी तळीच म्हणा ना! १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी' म्हणून लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणू लागले. पण मामा सरकारी झाला आणि भाच्यांनी लक्ष काढून घेतलं. गाळ साचला, बेशरमची झुडपं माजली, गावरान मासे कमी झाले. तेव्हा गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात धिवर समाजाच्या बायका गट करून पुढे आल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाची त्यांना साथ होती. त्यांनी बेशरम उपटली, माशांना आसरा आणि खाणं देणाऱ्या पाणवनस्पती लावल्या. गावरान मासे परतले. जाणत्या धिवरांकडचं पिढ्यांचं ज्ञान आणि बायकांची चिकाटी एकत्र आली, की तळं असं पुन्हा जिवंत होतं.

तिकडच्या वसाहतीत तळं सगळ्यांचं आहे, कारण वर्गणीच्या वहीत प्रत्येक घराचं नाव आहे. आपल्याकडे घाम आहे, पण वहीत नाव नाही. फरक एवढाच आहे, पण तो एवढासा नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, काही साध्या गोष्टी. घरातलं कुणी मच्छीमार, दूध किंवा कुठल्याही सहकारी संस्थेचं सभासद असेल, तर वारस नोंदीत कुणाचं नाव आहे ते या आठवड्यातच बघून घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाला ते नाव हयातीत बदलता येतं. तुम्ही मासे विकत असाल, जाळी सांधत असाल, तर स्वतः सभासदत्वाचा लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका.

शेततळ्यात मासे पाळायचा विचार असेल, तर २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के अनुदान ठरवलं होतं. सध्या काय चालू आहे, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. मात्र अनुदान बाईच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याच्या खिशात, असं होऊ देऊ नका. शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमीन केली. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागू शकतं, तर तलावाच्या वहीत का नाही?

आणि ज्यांच्या घरी मासाच येत नाही, त्यांनाही एक सांगणं. बाजारात पाटी घेऊन बसलेल्या मावशीला एकदा विचारा, "मावशी, संस्थेत तुमचं नाव आहे का हो?" ती आधी हसेल, मग थोडा वेळ गप्प बसेल. पण घरी जाऊन तो प्रश्न ती विचारल्याशिवाय राहणार नाही.