रांजणगावात कोरियाचा रांजण

अष्टविनायकाच्या यात्रेला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. मग रांजणगावचा महागणपती पाहिलाच असेल! पुण्याहून अहिल्यानगरला (म्हणजे आधीच्या नगरला) जाताना साधारण ५० किलोमीटरवर, आमच्या शिरूर तालुक्यात हे गाव लागतं. देवळाच्या जवळच मोठी औद्योगिक वसाहत आहे. तिथे एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तुमच्या घरातला टीव्ही किंवा फ्रीज कदाचित तिथूनच आला असेल.

कारखाना कोरियाचा, म्हणून काही कोरियन माणसंही आली. त्यांची कुटुंबं बहुतेक पुण्यात राहतात. मला पडलेला प्रश्न अगदी साधा होता. ही माणसं घरी जेवतात काय? रोज पोळी-भाजी? छे! आपण चार दिवस बाहेरगावी गेलो तरी पाचव्या दिवशी पिठलं-भाकरी आठवते. ती तर हजारो मैलांवरून आलेली!

कोरियन भाषेत भाताला म्हणतात ‘बाप’. हसू नका! एकमेकांना भेटल्यावर तिथली माणसं विचारतात, “बाप मोगोस्सोयो?” म्हणजे “भात खाल्लात का?” आपली आजीसुद्धा दारात आलेल्याला आधी “जेवलास का रे?” असंच विचारते, नाही का? वडिलांना ते ‘आप्पा’ म्हणतात. तेव्हा कोरियन घरात आप्पा बाप खातात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही!

त्यांचा भात चिकट असतो, चॉपस्टिकनेही उचलता येतो. आपला बासमती त्यांच्या कामाचा नाही. पण मावळातला इंद्रायणी चांगला चिकट होतो. तो करून बघा आणि दोन काड्यांनी खायचा प्रयत्न करा. पहिल्या दिवशी अर्धं ताट जमिनीवर सांडेल, आईला आधीच सांगून ठेवा.

भाताबरोबर लागते किमची. कोबी, मुळा मिठात मुरवून, लसूण, आलं, लाल मिरची लावून आंबवलेलं लोणचंच ते, फक्त तेल नाही. कोरियात तिन्ही त्रिकाळ ती ताटात हवी. २००८ साली यी सो-यॉन ही पहिली कोरियन अंतराळवीर अवकाश स्थानकात गेली, तेव्हा तिच्यासोबत किमची होती! मात्र त्यासाठी शास्त्रज्ञांना बरीच डोकेफोड करावी लागली. किमचीत जिवंत जिवाणू असतात आणि ते वायू तयार करतात. अवकाशात डबा फुगला तर? शेवटी किरणांचा मारा करून जिवाणू मारले आणि मगच ती वर गेली.

गंमत म्हणजे ही लाल किमची फार जुनी नाही. मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर ती जगभर पसरली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली. कोरियातल्या एका ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो तो १६१४ सालचा, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्या १६ वर्षं आधीचा. त्यापूर्वी आपलं कालवण मिऱ्याने तिखट व्हायचं आणि त्यांची किमची पांढरी असायची. म्हणजे आपला ठेचा आणि त्यांची किमची, दोघांनाही ही तिखट पाहुणी बाहेरूनच मिळाली.

आता रांजणाची गोष्ट. सोलमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो, शेतात भाजी नसते. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात शेजारीपाजारी जमून डोंगराएवढ्या कोबीची किमची घालतात. एकमेकांना वाटतात. या कामाला ‘किमजांग’ म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या गल्लीत उन्हाळ्यात कुरडया-पापड घालतात ना, तसंच. फक्त आपण उन्हाला कामाला लावतो, ते थंडीला! भरलेले मातीचे रांजण ते अंगणात जमिनीत पुरायचे. आत किमची गोठतही नसे आणि लवकर आंबतही नसे.

पण पुढे शहरं वाढली, माणसं फ्लॅटमध्ये गेली. तिसऱ्या मजल्यावर रांजण पुरणार कुठे? मग १९८४ साली गोल्डस्टार नावाच्या कंपनीने खास किमचीसाठी छोटा फ्रीज काढला. ही गोल्डस्टार कोण माहीत आहे? तीच आजची एलजी! १९९५ साली तिने हे नवं नाव घेतलं. म्हणजे अंगणातल्या रांजणाचं ज्यांनी यंत्र केलं, तेच लोक रांजणगावात आले. मला तर हे कळल्यावर टाळी वाजवावीशी वाटली.

आता थोडं माझ्याविषयी सांगते. मी दौंडची. दौंड जंक्शनवर गाडीत बसवून देताना आईने हातात डबा दिला आणि मी पुण्याला होस्टेलवर शिकायला आले. डब्यात सुक्या जवळ्याची चटणी होती. खोलीतल्या मुलींनी नाकाला रुमाल लावले. एकीने तर खिडकी उघडली. मी डबा पलंगाखाली सरकवला आणि चौथ्या दिवशी टाकून दिला. आईला सांगितलं, “सगळ्यांना खूप आवडली.” तिने पुढच्या वेळी दुप्पट दिली! ती दुप्पट चटणीही मी टाकली. हे खरं मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही. हा लेख ती वाचेल, तेव्हा कळेलच.

हे सगळं किमचीमुळे आठवलं. कारण किमचीलाही उग्र वास असतो आणि परदेशात शाळेत डब्यात ती नेणाऱ्या कोरियन मुलांना असेच रुमाल बघावे लागतात. विशेष म्हणजे किमचीत बऱ्याचदा खारवलेली बारीक कोळंबी घालतात. आपल्या जवळ्याची चुलत बहीणच की!

मग मी ठरवलं, घरी करूनच बघायची. आता मी शिरूरला राहते. पहिल्यांदा घातली ती भर मे महिन्यात. बाहेर ४० अंश ऊन आणि बरणी तीन दिवस ओट्यावर! झाकण घट्ट लावलेलं. चौथ्या दिवशी उघडलं तर ‘फस्स’ करून लाल पाणी थेट भिंतीवर. कोबी पार लगदा. भाऊ म्हणाला, “आता भिंतीलाच फोडणी दे!” दुसऱ्यांदा थंडीत घातली आणि जमली.

तुम्हीही घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन करा. किलोभर कोबीचे मोठे तुकडे करा. चायनीज कोबी मिळाला तर उत्तम, नाहीतर आपला आठवडे बाजारातला गड्डा. त्याला चार चमचे खडेमीठ चोळून दोन तास ठेवा, मधूनमधून हलवा. पानं मऊ पडतील, पाणी सुटेल. दोनदा धुऊन निथळा आणि एक पान चाखा. खारट लागलं पाहिजे, पण तोंड वाकडं होता कामा नये. मीठ फार कमी करू नका, कारण वाईट जंतूंना तेच रोखतं. चांगले जिवाणू, दह्यातल्यांचे भाऊबंद, मिठाला भीत नाहीत आणि तेच आंबटपणा आणतात.

चमचाभर तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवून गार करा. त्यात दहा लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं वाटून घाला, शिवाय तीन-चार चमचे ब्याडगी मिरचीची पूड. ब्याडगीच घ्या, कोरियन पूडही अशीच रंगाने लालभडक आणि तिखटाला बेताची असते. लवंगी घातलीत तर जबाबदारी तुमची! मुळ्याच्या चकत्या, कांद्याची पात घालून सगळं कोबीला लावा. हाताला पिशवी बांधा आणि डोळ्यांना बोट लावू नका.

काचेच्या स्वच्छ बरणीत दाबून भरा. कोबी पाण्याखाली बुडायला हवा आणि वर दोन बोटं जागा रिकामी. थंडीत दोन दिवस बाहेर, उन्हाळ्यात एकच, मग फ्रीजमध्ये. रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या. वर केसाळ बुरशी दिसली तर मात्र सरळ टाकून द्या, चव घेऊन बघायची नाही.

पंधरा दिवसांनी ती जास्त आंबट होईल. कोरियात अशी जुनी किमची पिठात कालवून तव्यावर धिरडी करतात. मी ती बारीक चिरून थालीपिठाच्या भाजणीत मळते, वर लोणी. गेल्या महिन्यात एक डबा दौंडला आईकडे पाठवला. तिचा फोन आला, “वास जरा उग्र आहे गं, पण चव बरी आहे. ह्यात थोडा जवळा घालून बघ की!”

आणि हो, झाकण उघडताना बरणीखाली ताटली ठेवा. आमच्या भिंतीवरचा डाग अजून गेलेला नाही.