सही कोणाची?

'पतीची सही आणा, मग पाहू.' गर्भपातासाठी आलेल्या स्त्रीला हे वाक्य आजही काही दवाखान्यांतून ऐकावे लागते. वास्तविक कायद्याला अशी सही नकोच आहे.

केंद्र सरकारने १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशींतून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आकारास आला. त्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पालकाची संमती लागते ती अल्पवयीन मुलीच्या वा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत. २०२१ च्या दुरुस्तीने तिचे नाव गुप्त राखण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही विवाहितेप्रमाणेच या कायद्याचे संरक्षण दिले.

तथापि, हा केवळ मागताक्षणी मिळणारा हक्क नव्हे. जिवाला असलेला धोका, शारीरिक वा मानसिक स्वास्थ्याची हानी, बलात्कार, संततिनियमनाच्या साधनाचे अपयश, गर्भातील गंभीर व्यंग अशा कारणांसाठीच कायदा परवानगी देतो. त्यासाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचे मत लागते, त्यापुढे चोवीस आठवड्यांपर्यंत ठरावीक प्रकरणांत दोघांचे. साहजिकच सारी भिस्त डॉक्टर आणि स्त्री यांच्यातील संभाषणावर येते.

हे संभाषण मोकळे झाले नाही, तर त्याची किंमत स्त्रीला मोजावी लागते. भीतीपोटी ती परस्पर गोळ्या आणून घेते. गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेत रुजला असल्यास त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि प्राणावर बेतते. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख, पूर्वीची बाळंतपणे व शस्त्रक्रिया, जुने आजार, आधी घेतलेले औषध, हे सारे तिने निःसंकोच सांगावे. कोणती पद्धत वापरणार, रक्तस्राव किती दिवस चालेल, पुढे कोणते साधन वापरावे, हे विचारावे. अतिरक्तस्राव, ताप, असह्य वेदना वा दुर्गंधीयुक्त स्राव आढळल्यास त्वरित परत यावे, हे डॉक्टरांनी न विचारताही सांगावयास हवे.

परंतु 'लग्न झाले आहे का?' या प्रश्नातच जेथे निवाडा दडलेला असतो, तेथे कोणती स्त्री खरे बोलेल? महाविद्यालयांतून शरीरशास्त्राबरोबर या कायद्याचीही ओळख करून दिली, तर पुढच्या पिढीतील रुग्ण आणि डॉक्टर दोघेही अधिक जाणते होतील. संमतिपत्रावर सही कोणाची हवी, हे पन्नास वर्षांपूर्वीच ठरले आहे. ते तिला ठाऊक असणे आणि समोरच्याने मानणे, एवढेच उरले आहे.