संकटसमयीचा रियाज

तंजावरच्या उत्तरेस, कावेरीच्या काठी तिरुवैयारु वसले आहे. संत त्यागराजांची समाधी येथेच आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीस होणाऱ्या आराधना उत्सवात शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती सादर करतात. लहान-थोर, ओळखीचे-अनोळखी असे सारे एका सुरात गातात, कारण प्रत्येकाने त्या कृती बालपणापासून घोटलेल्या असतात. ऐनवेळी साथ देतो तो रियाजच. हे संगीताइतकेच संकटालाही लागू आहे.

तिरुवैयारुहून कावेरीच्या काठाने पूर्वेकडे गेले की कुंभकोणम लागते. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेत मध्यान्ह भोजन शिजत असताना आग लागली आणि ती झावळ्यांच्या छपरांमधून वरच्या मजल्यावरील वर्गापर्यंत पोहोचली. जिना अरुंद, मुले अनेक. ९४ बालकांचा बळी गेला. या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगून न्यायालयाने शाळांत अग्निशामक साधने व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण अनिवार्य केले. इमारत सुरक्षित ठेवणे ही मोठ्यांचीच जबाबदारी आहे, ती मुलांवर ढकलता येणार नाही. परंतु मुलांनाही वाट ठाऊक असली पाहिजे.

त्याच वर्षी २६ डिसेंबर रोजी आलेल्या त्सुनामीने तंजावरच्या शेजारच्या नागपट्टिनम जिल्ह्यात हाहाकार माजवला. त्याच सकाळी थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांसमवेत फिरत होती. समुद्राचे पाणी विचित्र रीतीने फेसाळताना पाहून तिला दोनच आठवड्यांपूर्वीचा भूगोलाचा धडा आठवला. तिने आग्रहाने इशारा दिला, किनारा रिकामा करण्यात आला आणि अनेकांचे प्राण वाचले. वेळेवर आठवलेला एक धडा एवढे करू शकतो.

मग आपल्या घरी काय करावे? 'सांभाळून राहा' हा उपदेश पुरेसा नाही. प्रत्यक्ष कृती करून घेतली पाहिजे. धूर झाल्यास जमिनीलगत वाकून वा रांगत बाहेर पडावे, कारण उष्ण धूर वर साचतो. कपड्यांनी पेट घेतल्यास न धावता जमिनीवर लोळावे. पलंगाखाली वा कपाटात लपू नये आणि वस्तू आणण्यासाठी परत फिरू नये. गॅसचा वास आल्यास दिव्याच्या बटणाला हात लावू नये. दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे व मोठ्यांना कळवावे. गॅसगळतीसाठी १९०६ आणि कोणत्याही आपत्तीसाठी ११२ हे क्रमांक, तसेच आईवडिलांचे नाव व घराचा पत्ता मुलांना मुखोद्गत असावा.

नदीकाठच्या मुलांना आणखी एक धडा हवा. पाणीसाठा पुरेसा असल्यास प्रथेप्रमाणे १२ जूनला मेट्टूर धरणातून पाणी सोडले जाते आणि उन्हाळ्यात खेळायला मोकळे असलेले कावेरीचे पात्र वाहू लागते. धरणाखालच्या कोणत्याही नदीची हीच रीत आहे, मग ती गोदावरी असो वा कृष्णा. मित्र बुडत असल्यास मुलाने पाण्यात उडी घेऊ नये. आरडाओरडा करून मोठ्यांना बोलवावे व काठावरूनच दोर, काठी वा रिकामा बंद डबा त्याच्याकडे टाकावा. मैत्रीपोटी घेतलेली उडी अनेकदा दोन घरे उजाड करते.

हा सराव भीती दाखवून नव्हे, खेळाच्या रूपाने व्हावा. तीन महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी, घरातील दिवे बंद करून सर्वांनी बाहेर पडण्याची रंगीत तालीम करावी व ठरलेल्या जागी जमावे. दहा मिनिटे पुरतात. मुलांनी शाळेतही असा सराव होतो का, हे पालकांनी पालकसभेत अवश्य विचारावे.

संकटासाठी आपण बचत करतो, विमा उतरवतो. ती रक्कम कधीच खर्ची पडू नये, अशीच आपली इच्छा असते. मुलांच्या अंगी बाणवलेली सावधानता ही त्याच जातीची ठेव होय. फरक एवढाच की, तिचे खाते लहानपणीच उघडावे लागते.