सत्कार : कलावंताचा आणि आश्रयदात्याचा

एखाद्या कलामंडळाचा वार्षिक समारंभ आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा पाहिलेला असतो. गाव सांगली असो की इंदूर, बडोदे असो की दिल्लीतील एखादी मराठी वस्ती असो, समारंभाचा क्रम फारसा बदलत नाही. ईशस्तवन होते, पाहुण्यांची ओळख करून दिली जाते आणि ती पुष्कळदा पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांबते, मग ज्याच्यासाठी मंडळी जमलेली असतात तो वयोवृद्ध कलावंत खुर्चीवरून सावकाश उठतो. खांद्यावर शाल पडते, हाती श्रीफळ येते, चौकटीत बसविलेले मानपत्र वाचले जाते. टाळ्यांचा गजर ओसरतो न ओसरतो तोच मंडळाचे कार्यवाह एक यादी वाचू लागतात : आश्रयदाते, हितचिंतक, देणगीदार. येथे मात्र सभागृहात कुजबुज सुरू होते आणि मागच्या रांगेतील लोकांची दृष्टी चहाकडे वळते. श्रोतेहो, मला आज बोलावयाचे आहे ते त्या यादीविषयी. कलावंताचा सत्कार का करावा हे कोणाला सांगावे लागत नाही. पण त्याच व्यासपीठावर आश्रयदात्याचे नाव का यावे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

आधी त्या शालीविषयी दोन शब्द. दरबारी काळात गुणीजनांना नेमणूक असे, म्हणजे ठरलेले वेतन. मैफलीनंतर बिदागी मिळे. आणि राजा विशेष प्रसन्न झाला तर शेला-पागोटे किंवा सोन्याचे कडे दिले जाई. नेमणुकीने घर चाले, बिदागीने हात मोकळा होई, आणि शेला-पागोट्याने प्रतिष्ठा वाढे. आजच्या समारंभातील शाल ही त्या शेल्याचीच वारस आहे. मानपत्र हे अर्वाचीन काळाचे, छापखान्याच्या आणि जाहीर सभांच्या युगाचे अपत्य. रसिकांनी वर्गणी जमवून दिलेली थैली ही बिदागीच्या जागी आली. या हिशेबात एक रकाना मात्र रिकामा राहिला, तो नेमणुकीचा. तो कसा रिकामा झाला, याची कथा सांगलीत सुरू होते.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे १८४२ साली कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींनी आपले खेळ केले. ते पाहून असे काही मराठीत व्हावे, आणि अधिक नीटसपणे व्हावे, अशी इच्छा आप्पासाहेबांना झाली. ते काम त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे या तरुणावर सोपविले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ सांगलीस झाले, आणि तोच दिवस आज आपण मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळतो. तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्या दीडशे वर्षे आधी मराठीत नाटके रचली होती, हे येथे विसरून चालणार नाही. परंतु त्या नाटकांची परंपरा महाराष्ट्रापर्यंत पोहोचली नाही. सांगलीचा खेळ मात्र पुढे गावोगाव गेला.

आप्पासाहेबांनी विष्णुदासांना काय दिले, असे विचारले तर पहिले उत्तर पैसा असे येईल. ते खरे आहे, पण अपुरे आहे. भल्या घरच्या मुलाने तोंडाला रंग लावून सोंग घ्यावे, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला रुचणारी नव्हती. राजाने हा खेळ आपला म्हटला, आपल्या समोर करविला, यामुळे त्या मुलांच्या मस्तकावर एक छत्र आले. आश्रय या शब्दाचा मूळ अर्थच आसरा असा आहे.

हे छत्र १८५१ साली मोडले. आप्पासाहेब निवर्तले. वारस अल्पवयीन होता, आणि कारभार पाहणाऱ्यांना या नाटकी खर्चात रस उरला नाही. विष्णुदासांच्या अंगावर मात्र नाटकासाठी झालेले कर्ज होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासातील हा प्रसंग मला ‘सीतास्वयंवरा’हून कमी महत्त्वाचा वाटत नाही. हा गृहस्थ घरी बसला नाही. मंडळी घेऊन दौऱ्यावर निघाला. १८५३ साली तो मुंबईस ग्रँट रोडवरील नाटकगृहात पोहोचला आणि तेथे त्याने तिकीट लावून खेळ केले. हे नाटकगृह उभे राहण्यास जगन्नाथ शंकरशेट यांचे साहाय्य झाले होते; म्हणजे दरबारचा आश्रय सुटल्यावर पहिला आधार मिळाला तो एका लोकहितदक्ष नागरिकाचा, आणि दुसरा मिळाला तो दाराशी पैसे मोजून आत येणाऱ्या अनोळखी माणसाचा. त्या दिवसापासून नाटकवाल्याचा राजा बदलला. पूर्वी तो सिंहासनावर एकटा बसे. आता तो पिटात दाटीवाटीने बसू लागला. पुढे बालगंधर्व प्रेक्षकांना ‘मायबाप’ म्हणत. त्यात नम्रता तर होतीच, पण व्यवहाराची अचूक जाणही होती.

हा नवा राजा उदार होता, तसाच लहरीही होता. तो आज गर्दी करी, उद्या पाठ फिरवी, आणि खेळ बंद असलेल्या पावसाळ्यात नटांच्या घरची चूल कशी पेटते, याची चौकशी करण्याचे त्याला कारण नव्हते. म्हणून दरबार सुटले तरी दरबारी आश्रयाची गरज लगेच संपली नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी गायक-वादकांसाठी कलावंतांचे एक स्वतंत्र खातेच चालविले, गंधर्व नाटक मंडळीला आश्रय दिला, आणि १९१६ साली अखिल भारतीय संगीत परिषदेचे पहिले अधिवेशन पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्यासच भरले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब होते. नारायण राजहंस या मुलाचा कान दुखत होता, तेव्हा त्याच्यावर मिरजेस उपचार करविण्याची व्यवस्था महाराजांनीच केली. किर्लोस्कर मंडळीचा मुक्काम त्या सुमारास मिरजेस होता आणि १९०५ साली हा मुलगा त्या मंडळीत दाखल झाला. बालगंधर्वांच्या गळ्याचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. त्यांच्या कानाची काळजी कोणी घेतली हे फारसे कोणी सांगत नाही. मंडळाच्या त्या कंटाळवाण्या यादीत अशाच गोष्टी दडलेल्या असतात.

आश्रयदात्याची स्तुती करताना त्याची उणी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकत होते. संस्थानिकांची त्यांच्यावर मर्जी होती. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. गावातील एका समारंभाचे आमंत्रण शिष्याला आले, गुरूला आले नाही. राजाच्या मर्जीतला म्हणून आपल्याला मान, आणि ज्याने विद्या दिली तो गवई म्हणून वगळलेला, हे त्यांच्या मनाला लागले आणि १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. सत्काराच्या एका निमंत्रणपत्रिकेतील चुकीने हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाला वळण लावले, असे म्हटले तर ती फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते कोणा एका संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर विद्यार्थ्यांचे शुल्क, लोकांच्या देणग्या आणि जाहीर जलशांचे उत्पन्न यांवर चालावयाचे होते. लाहोरात कोण हा मराठी गवई, त्याला मदत का करावी, असे न म्हणता तेथील नागरिकांनी त्याला हात दिला.

परंतु लोकाश्रयाचाही अनुभव शेवटी गोड राहिला नाही. १९०८ साली मुंबईस महाविद्यालय सुरू झाले, त्याची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली, कर्ज वाढत गेले आणि अखेर धनकोंनी ती इमारत लिलावात काढली. गाणे ऐकावयास येणारे हजारो होते. गाणे शिकविणाऱ्या वास्तूचे व्याज भरणारे तितके नव्हते. गंधर्व नाटक मंडळीही अशीच कर्जात सापडली, आणि ते ओझे बालगंधर्वांनी रात्रीमागून रात्री रंगभूमीवर उभे राहून उतरविले. भावे, पलुसकर आणि बालगंधर्व ही तीन नावे एका ओळीत घेतली की आपल्याला तीन पुतळे दिसतात. मला तीन कर्जखाती दिसतात. ही कर्जे चैनीची नव्हती. पडदे, पोशाख, साजिंदे, विद्यार्थ्यांचे जेवण आणि इमारतीच्या भिंती यांची होती. म्हणजे जो खर्च वस्तुतः समाजाने करावयाचा, तो कलावंताने आपल्या नावावर उसना घेतला होता.

स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने हा भार काही अंशी उचलला. संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन १९५३ साली झाले. तिचा पुरस्कार बालगंधर्वांना १९५५ साली आणि पद्मभूषण १९६४ साली मिळाले. तोवर त्यांचे पाय लुळे पडलेले होते. महाराष्ट्रात वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मासिक मानधन देण्याची शासकीय योजना आहे आणि तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले आहे. त्या रिकाम्या राहिलेल्या नेमणुकीच्या रकान्यात पुन्हा काही अक्षरे उमटली ती अशी.

सांगलीकरांनी आपल्या परीने दुसरी वाट धरली. तेथे अखिल महाराष्ट्र नाट्यविद्या मंदिर समिती रंगभूमिदिनी, ५ नोव्हेंबरला, विष्णुदास भावे यांच्या नावाचे गौरवपदक ज्येष्ठ रंगकर्मीस देते. बालगंधर्वांपासून चालत आलेला हा मान नाट्यक्षेत्रात फार मोलाचा समजला जातो. जे गाव एका राजाच्या निधनानंतर आपल्या नाटककाराला सांभाळू शकले नाही, तेच गाव पुढे नागरिकांच्या समितीमार्फत त्याच्या नावाने इतरांना गौरवीत आले.

अशा समारंभाची आखणी करणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. आश्रयदाते म्हणजे मोठ्या रकमेची पावती फाडणारे, एवढाच अर्थ आपण धरतो आणि मग यादी रकमांच्या उतरत्या क्रमाने लागते. परप्रांतातील मराठी मंडळात तालमीसाठी महिनोन्‌महिने आपला दिवाणखाना मोकळा करून देणारी गृहिणी, उधारीवर दिवे पाठविणारा मांडववाला, वर्षानुवर्षे विंगेत बसून वाक्ये सांगणारा प्रॉम्प्टर, यांची नावे कोणत्या रकमेखाली लिहावयाची? यादी लहान करून प्रत्येक नावामागे त्याने नेमके काय केले हे एका वाक्यात सांगितले, तर मागच्या रांगेतील लोकही कान देतील असे मला वाटते. थैली द्यावयाची असेल तर ती कलावंताचे हात थरथरू लागण्यापूर्वी द्यावी. आणि निमंत्रणपत्रिका छापण्याआधी गुरूचे नाव राहिले नाही ना, हे दोनदा पाहावे.

वास्तूही आश्रय देतात, म्हणून शेवटी दोन वास्तूंचा उल्लेख करतो. शाहू महाराजांनी बांधविलेले कोल्हापूरचे पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत ते भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. ते पुन्हा उभारण्याचे शासनाने जाहीर केले, आणि कोल्हापूरकर रंगकर्मींनी घरचे माणूस गेल्यासारखा शोक केला.

दुसरी वास्तू पुण्याची. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन झाले, ते खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते. आपल्याच नावाच्या रंगमंदिराची पहिली कुदळ मारण्याचा योग फार थोड्या कलावंतांना येतो. इमारत पुरी होण्यास सहा वर्षे लागली. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, ती रसिकांसाठी खुली झाली. बालगंधर्व त्याच्या आदल्या वर्षी, १५ जुलै १९६७ रोजी निवर्तले होते.